आकारामच्या गाडीतला पिवळा दिवा

आकाराम गॅरेजात आला की आधी माझ्या हातांकडे बघायचा आणि मग तोंडाकडे. हातात काय धरलंय ते नीट कळल्याशिवाय रामराम घालायची त्याला सवय नव्हती. उन्हानं रापलेला उंच माणूस, डोक्याला लाल पटका, पायात करकर वाजणारं पायताण. त्याची करकर ऐकू आली की माझ्या हाताखालची पोरं एकमेकांकडे बघून हसायची आणि मी मनातल्या मनात कपाळाला हात लावायचो.

माझं नाव नाथाजी. सांगली-मिरज रस्त्याला माझं गाड्यांचं गॅरेज आहे. हल्लीच्या गाड्यांत इंजिनाची देखरेख कॉम्प्युटर करतो. काही बिनसलं की तो काट्यांशेजारी एक पिवळा दिवा लावतो, आणि आमचं स्कॅनर नावाचं यंत्र जोडलं की कोड दाखवतो. एक अक्षर आणि पुढं चार आकडे. गिऱ्हाइकाला वाटतं कोड आला म्हणजे निकाल लागला. तसं नसतं. अंगात ताप आहे एवढंच त्यातून कळतं, तो कशानं आला ते शोधण्यातच आमचा घाम निघतो. हे मी प्रत्येकाला समजावून सांगतो आणि बहुतेकांना पटतं. आकारामला नाही पटलं.

तो जतच्या बाजूचा, धनगराचा. जुनी घेतलेली सात माणसांची डिझेल गाडी तो भाड्यानं लावायचा आणि त्याचा मेहुणा धनाजी ती चालवायचा. पहिल्यांदा आले तेव्हा पिवळा दिवा लागला होता आणि गाडी चढाला ओढत नव्हती. मी बॉनेट उघडलं आणि बघतच राहिलो. बॅटरी, पट्टे, नळ्या, हवेच्या फिल्टरचा डबा, सगळ्यांवर लाल रंगाचे ठिपके. मेंढराच्या पाठीवर खूण करतात तो रंग.

"ही काय भानगड हाय?" मी विचारलं.

"खुणा हायत," आकाराम म्हणाला. "मिस्त्री, ह्यो माझा कळप समजा. ह्यातलं एक जरी बदललं तर मला कळंल."

मला राग आला, पण गिऱ्हाईक नवं होतं. मी स्कॅनर जोडला. कोड हवेच्या सेन्सरचा निघाला. इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा एक छोटा सेन्सर फिल्टरच्या पुढं नळीत बसवलेला असतो. त्याचं माप चुकलं की कॉम्प्युटर डिझेलचा हिशेब चुकवतो आणि गाडी दम टाकते. मी हे सगळं सांगितलं. आकारामनं पडद्यावरचे आकडे बघितले, मग स्कॅनर उलटा करून त्याची पाठ बघितली.

"यंत्र तुमचं, त्ये वाचणार तुमी, दुरुस्त करणार तुमी, पैसं घेणार बी तुमी. आन् आमी नुस्ती मान हलवायची व्हय?"

तो गाडी घेऊन गेला तो थेट पलीकडच्या गॅरेजात. तिथंही तोच कोड निघाला. पुढं साताऱ्याचं भाडं होतं, तर तिथल्या एका मिस्त्रीकडूनही त्यानं वाचून घेतलं. परत माझ्याकडे आला तेव्हा माझी बाजू खरी ठरली म्हणून मी जरा ताठ उभा होतो.

"तिघांनी एकच आकडा सांगितला," तो म्हणाला. "तुमचं आतनं कायतरी जुळल्यालं दिसतंय."

अशा माणसापुढं काय करायचं? मी सेन्सर काढला, त्यावर साफ करायचा स्प्रे मारला आणि वाळवून बसवला. दिवा विझला, गाडी ओढायला लागली. एवढा वेळ आकाराम माझ्या खांद्यामागं उभा होता. धनाजीनं चहा आणला तर तोही घेईना, चहाकडे बघताना इकडं काही बदललं जाईल म्हणून. जाताना मात्र त्यानं गाडीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "हात चांगला हाय तुमचा." मला बरं वाटलं हे मी नाकारत नाही.

त्याचा हा स्वभाव कुठून आला ते मला धनाजीनं सांगितलं. आकारामचा जन्म मेंढरांमागचा. पावसाळा सरला की त्याचा बाप कळप घेऊन कृष्णाकाठाला यायचा. उसाचं रान मोकळं झालं की शेतकरी मेंढरं बसवून घेतात, रानाला खत मिळतं आणि धनगराला धान्य मिळतं. अशाच एका गावात शेतकऱ्यानं त्यांना भाकरी-कालवण वाढलं, झोपायला घोंगडी दिली. आकारामच्या बापानं त्या रात्री राखण केली नाही. ज्याचं अन्न खाल्लं त्याच्यावर त्यानं विश्वास ठेवला. सकाळी कळपातले चांगले नर गेले होते, आणि शेतकरी उलट यांच्यावरच ओरडत होता की आमच्या गावाला चोर म्हणता काय. बाप त्या वर्षी खचला तो परत उभा राहिला नाही. आकाराम तेव्हा मिसरूड न फुटलेला. तेव्हापासून त्यानं एक धडा धरला. जो गोड बोलतो त्याच्यावर आधी नजर ठेवायची, आणि जो घरात जेवतो त्याच्यावर तर जास्तच. पुढं त्यांच्या भागात कालव्याचं पाणी आलं, मेंढरं कमी झाली, डाळिंब लागलं, गाडी आली. राखण मात्र सुटली नाही.

धनाजी अगदी उलटा. त्याची आई लवकर गेली म्हणून थोरल्या बहिणीनं, सुलाबाईनं, त्याला लग्नानंतर आपल्याबरोबर सासरी आणला. तो ताईच्या हातचं खाऊन आणि आकारामच्या खांद्यावर बसूनच वाढला. मेंढरं हाकायला आकारामनं शिकवलं, पोहायला त्यानंच, गाडीसुद्धा त्यानंच त्याच्या हातात दिली. धनाजी त्याला दाजी म्हणायचा. बोलायचा कमी, सदा हातात फडकं. मी त्याला एकदा म्हणालो, "तुझा दाजी लय किरकिऱ्या हाय रं." तर तो हसून म्हणाला, "असंना. रानात मेंढरांभोवती वाघरीची जाळी लावून बी जागं राहणारा माणूस हाय त्यो."

दिवा परत लागला. मी परत साफ केलं. पुन्हा लागला. प्रत्येक वेळी कोड तोच. आता मलाही संशय यायला लागला, आणि मी संशय घेतो तो वस्तूंवर. तिसऱ्या खेपेला सेन्सर उन्हात धरून बघितला तर त्याच्या तारेवर पिवळसर थर. रस्त्याची धूळ अशी नसते. बोटानं पुसून नाकाला लावलं आणि सांगलीत जन्मलेल्या कुणालाही कळलं असतं ते मला कळलं.

"हळद हाय ही," मी म्हणालो.

फिल्टरच्या डब्याची एक खिट्टी सैल होती. झाकण नीट बसलं नव्हतं. डबा उघडला तर फिल्टरच्या आतल्या अंगाला, जिथं गाळलेली स्वच्छ हवा असायला पाहिजे तिथं, पिवळी भुकटी. बाहेरून उडालेली हळद तिथं सहजी पोचत नाही. हे मी आकारामला सांगणारच होतो, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो धनाजीकडे बघत होता.

"मार्केट यार्डात गाडी किती येळा लावलीस?"

धनाजी फडकं हातात धरून उभा होता. "दाजी, मी न्हाई लावली."

"मागची शिटं पाडून हळदीची पोती वडतोस तू. भाडं खिशात टाकतोस. गाडी आशीच न्हाई पिवळी झाली. सांग मिस्त्रीपुढं."

"दाजी, तसं न्हाई."

"मग कसं हाय? बोल की."

मी मध्ये पडलो. म्हणालो, थांबा जरा, पोत्याची हळद डब्याच्या आत कशी जाईल, आधी मला बघू द्या. आकारामनं माझ्यावर नजर फिरवली. त्या नजरेत मी धनाजीचा भागीदार झालो होतो. आता पोत्यांच्या भाड्यात माझाही वाटा आहे असं त्याच्या डोक्यात बसलं, हे मला स्पष्ट दिसलं.

धनाजी काहीतरी बोलणार असं वाटलं. त्यानं ओठ उघडले, बॉनेटखाली त्या डब्याकडे बघितलं, मग दाजीकडे, आणि तोंड मिटलं. खिशातून चावी काढून बॉनेटच्या कडेवर ठेवली आणि फाटकाबाहेर पडला. बसस्टॅंडच्या रिक्षात बसताना त्यानं एकदा मागं बघितलं. मला वाटलं आकाराम हाक मारेल. तो चावीचा जुडगा तपासत होता, सगळ्या चाव्या आहेत का ते.

खरं सांगतो, त्या दिवशी मी आकारामची गाडी नीट करून दिली, पण माणूस म्हणून तो माझ्या मनातून उतरला. वाढवलेल्या पोराला गॅरेजात, चार लोकांदेखत चोर म्हणायचं, हे मला सहन झालं नाही.

पुढचे आठवडे तो आला नाही. दिवाळी जवळ आली. सांगलीच्या पेठेत आकाशकंदील लागले आणि एके दिवशी पुन्हा ती करकर ऐकू आली. गाडी स्वतः आकारामनं चालवत आणली होती, आणि मागच्या सीटवर सुलाबाई होत्या. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. डोळे सुजलेले. पेठेत खरेदीला आल्या होत्या, पण पिशवी रिकामीच दिसली. मी पाणी दिलं तेव्हा म्हणाल्या, "दादा, भाऊबीज तोंडावर आली. माझा धनाजी लोणंदला हाय म्हणत्यात. फोन उचलत न्हाई. त्यो आला न्हाई तर मी ताट कुणाम्होरं धरू?"

आकाराम तिकडं तोंड करून उभा होता. "आधी गाडी बघा," एवढंच म्हणाला.

पिवळा दिवा लागला होता. कोड तोच. डबा उघडला तर आत ताजी हळद. धनाजी जाऊन इतके दिवस झाले होते. गाडी आकारामशिवाय कुणी हलवली नव्हती. मला वाटलं आता तरी याच्या डोक्यात उजेड पडेल.

"त्यानं दुसरी चावी करून ठिवली आसंल," आकाराम म्हणाला.

मी हातातला पाना खाली ठेवला. संताप आला होता. तेवढ्यात सुलाबाई गाडीतून उतरून बॉनेटपाशी आल्या. त्यांनी डब्यात वाकून बघितलं, बोटाला भुकटी लावली आणि कपाळाला लावली.

"आवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ह्यो तर भंडारा हाय."

"कसला भंडारा?"

"बिरोबाचा. दर आयतवारी अंघुळ करून तुमी हितं उघडताय. आत तुमची लाल खूण हाय का बघताय आन् चिमूट टाकताय. मी तुळशीपासनं बघती की. मला वाटलं ह्यो इंजनाचाच देव्हारा."

माझ्या डोक्यात सगळं जुळलं. फिल्टर बदलला नाही ना, ते बघायला हा माणूस दर रविवारी डबा उघडायचा, आणि उघडलाच आहे तर गाडीला दृष्ट लागू नये, चोरानं हात लावू नये म्हणून देवाचा भंडारा टाकायचा. तोही आतल्या बाजूला, बाहेर वाऱ्यानं उडून जाईल म्हणून. झाकण परत बसवताना खिट्टी तशीच सैल. इंजिन चालू झालं की तो भंडारा हवेबरोबर सेन्सरवर. मी हळद म्हणालो तेव्हा त्याला पोती दिसली, कारण तो पोती शोधतच होता. विहिरीच्या पंपावर, ट्रॅक्टरवर, मेंढरांवर जन्मभर भंडारा टाकला, त्यानं कधी कुणाचं वाईट झालं नव्हतं. त्यानं बिघाड होईल हे त्याच्या मनाला शिवणंच शक्य नव्हतं.

"धनाजीला ठावं हुतं," सुलाबाई म्हणाल्या. "त्यो रोज सकाळी फडक्यानं त्यो डबा पुसायचा. मी इचारलं तर म्हणाला, ताई, जरा जास्तच पडतंय, दाजीला सांगू नगं."

आकाराम बाकड्यावर बसला. त्यानं पटका काढून गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाला, "मिस्त्री, लोणंदला येताय का?"

मला का, असं मी विचारलं नाही. त्याला एकट्याला जायची लाज वाटत होती. आम्ही सुलाबाईंना त्यांच्या भाचीकडे, सांगलीतच, सोडलं आणि निघालो. मी गाडी चालवली. कराड, सातारा मागं पडलं. वाटेत तो एकदाच बोलला. "म्हंजी त्यानं मला वाचवलं व्हय, चार लोकांत? देवाचं नाव घिऊन मीच बिघडवतोय असं दिसू नये म्हणून?" मी हो म्हणालो.

लोणंदला कांद्याच्या बाजारात धनाजी सापडला. एका व्यापाऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर होता, पाठीवर सालपटं चिकटलेली. आम्हाला बघून त्यानं आधी वाकून दाजीच्या पायाला हात लावला. आकारामला ते सोसेना. तो मागं सरकला.

"तुला ठावं हुतं तर बोलला का न्हाईस रं?"

धनाजीनं माझ्याकडे बघितलं, मग खाली. "काय बोलू दाजी? भंडाऱ्यानं गाडी बिघडली म्हणालो आसतो तर तुमी म्हणला आसता, चोरी करतोय आन् देवावर ढकलतोय. आन् मिस्त्रीपुढं तुमाला खाली बघायला लागलं आसतं. त्ये मला जमलं नसतं."

आकारामनं खिशातून चावी काढली आणि पुढं केली. "चल घरी. ताई वाट बघती."

धनाजीनं चावी घेतली नाही.

"भाऊबीजेला येतो," तो म्हणाला. "ताईच्या ताटाला येणारच. तिनं मला वाढवलंय. पर गाडी नगं दाजी."

"का नगं? मी चुकलो म्हणतोय की."

"तुमी आज म्हणताय, त्ये खरं हाय. पर उद्या टायर झिजला, डिझेल जास्त लागलं, की तुमी परत माझ्याकडं बघणार. तोंडानं न्हाई बोलणार, पर बघणार. मला त्ये बघणं सोसत न्हाई. हितं मालक मला वळखत न्हाई. त्यानं संशय घेतला तर मला काय वाटत न्हाई. तुमी घेतला की जेवण उतरत न्हाई."

त्यानं हे अगदी शांतपणे सांगितलं. रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मग व्यापाऱ्यानं हाक मारली आणि तो पोती चढवायला गेला. आकाराम चावी हातात धरून तसाच उभा राहिला, येणारे-जाणारे हमाल त्याला बाजूला व्हा म्हणत होते.

परतीच्या वाटेवर तो साताऱ्यापर्यंत चावी मुठीत धरून बसला. मला त्याची दया येत होती आणि ती येते म्हणून माझाच राग येत होता. शहर मागं टाकून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो तसा तो खाकरला.

"मिस्त्री, त्या व्यापाऱ्याकडं त्याला पगार जास्त मिळत आसंल."

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

"म्हणून नगं म्हणाला त्यो. पगाराचंच आसणार. बाकीचं आपलं बोलायचं म्हणून बोलला." तो माझ्याकडे वळला. "आसंच आसंल, न्हवं?"

इतके दिवस मी त्याच्या संशयावर चिडत आलो होतो. आणि आता तो माझ्याकडे आणखी एक संशय मागत होता. पोरगं पैशासाठी गेलं, एवढं कुणीतरी खरं म्हणावं, म्हणजे त्याला ते सोसता आलं असतं. एक शब्द बोललो असतो तर त्याची घरापर्यंतची वाट सोपी झाली असती.

"न्हाई, आकारामभाऊ," मी म्हणालो. "तसं न्हाई."

त्यानं पटका तोंडावर ओढून घेतला आणि कराड येईपर्यंत तो तसाच बसून होता.